मे महिन्यात ओढा वाहतोय? आपल्या भागातल्या ओढ्याची तपासणी आणि देखभाल कशी करावी

पुण्यातले बहुतेक ओढे मुळात बारमाही नाहीत. काळ्या पाषाणाच्या टेकड्यांवरून उतरणारं पाणी जूनमध्ये सुरू होतं, दिवाळीनंतर ओसरतं आणि होळीपर्यंत कातळातल्या डोहांपुरतं उरतं. म्हणून आंबील ओढा, भैरोबा नाला किंवा तुमच्या सोसायटीमागचा बिननावाचा नाला ऐन मे महिन्यात खळखळत असेल, तर आधी विचारायचं की हे पाणी कुणाचं? रविवारी पन्नास माणसं जमवून प्लास्टिक वेचलं की फोटो छान येतात, पण वरून मैलापाणी येतच राहिलं तर मासे, बेडूक, चतुर यांपैकी कुणीही परत येत नाही.

पट्टा लहान निवडा

अख्खी राम नदी, म्हणजे खाटपेवाडीपासून पाषाण तलाव ओलांडून थेट मुळा नदीपर्यंत, चार जणांच्या आवाक्यातली नाही. ५०० मीटर पुरे. दोन्ही टोकांना पूल किंवा साकव असेल असा पट्टा घ्या, म्हणजे पाण्यात न उतरता बघता येतं. पहिली फेरी एप्रिलच्या शेवटी, दोन्ही काठांनी. ओढ्यात उघडणारा प्रत्येक पाइप, चेंबर, गटाराचं तोंड मोबाइलच्या लोकेशनसकट नोंदवा. कोरडा पाइपही सोडू नका. काही पाइप फक्त सकाळीच वाहतात. पायात गमबूट, हातात रबरी हातमोजे हवेत, आणि पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचंच नाही. लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस) दुखणं अशाच वाटेने अंगात शिरतं.

प्रवाह मोजा

लागणारं सामान घरातलंच आहे: मोजपट्टी, फूटपट्टी, मोबाइलचं घड्याळ आणि मोसंबीची साल. साल अर्धी बुडून तरंगते, वाऱ्याने भरकटत नाही आणि लांबून दिसते. सुकं पान वापरलं तर तुम्ही पाण्याचा नाही, वाऱ्याचा वेग मोजता.

वळण नाही, मध्ये मोठा दगड नाही असा १० मीटरचा तुकडा शोधा. साल सुरुवातीच्या खुणेच्या थोडी वर सोडा, खुणेवर आली की घड्याळ सुरू करा. तीनदा करून सरासरी घ्या. मग पाण्याची रुंदी मोजा आणि एका काठापासून दुसऱ्यापर्यंत सारख्या अंतरावर पाच ठिकाणी खोली. मधलीच खोली धरली तर आकडा फुगतो. ही चूक हमखास होते.

समजा रुंदी ८० सेंटिमीटर, सरासरी खोली ५ सेंटिमीटर, आणि सालीला १० मीटर जायला ४० सेकंद लागले. वेग सेकंदाला ०.२५ मीटर. पण वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून ०.८ ने गुणायचं: ०.२ मीटर. ०.८ गुणिले ०.०५ गुणिले ०.२, म्हणजे ०.००८ घनमीटर, सेकंदाला ८ लिटर. पावलाने ओलांडता येईल एवढीच ही धार! पण दिवसभर अशीच वाहिली तर ६ लाख ९१ हजार लिटर होतात, दहा हजार लिटरचे जवळजवळ ७० टँकर. पाणीपुरवठ्याचा शहरी मापदंड माणशी रोज १३५ लिटर आहे आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. त्या हिशेबाने ही धार सुमारे ६,४०० माणसांची. अर्जात ‘घाण पाणी येते’ लिहिण्यापेक्षा हा आकडा लिहिला की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

पाणी कुणाचं, हे ओळखा

एकाच दिवशी तीन वेळा मोजा: पहाटे ५, सकाळी ८ आणि दुपारी ३. झऱ्याचं पाणी घड्याळ बघत नाही, तिन्ही आकडे जवळपास सारखे येतात. मैलापाणी पहाटे मंद असतं आणि लोकांच्या आंघोळी सुरू झाल्या की चढतं. पाइप लांबचा असेल तर ही चढती तासभर उशिरा दिसते, म्हणून ९ वाजताही एकदा बघावं. धार एकदम सुरू होऊन एकदम थांबत असेल तर वरच्या एखाद्या संकुलाचा पंप चालतो आहे, असं समजायला हरकत नाही.

तिसरी शक्यता फुटलेल्या जलवाहिनीची. पाणी स्वच्छ दिसतं आणि नळाला पाणी येण्याच्या वेळेत वाढतं. टाकीतला क्लोरीन तपासायचे थेंब टाकून बघा. पिवळी छटा आली तर ते नळाचं पाणी. मात्र घाण मिसळली की क्लोरीन लगेच संपतो, त्यामुळे गळतीच्या अगदी जवळचं पाणी घ्यायचं.

बरेच जण टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा मीटर घेऊन येतात. तो एकटा फसवतो, कारण पाषाणातून झिरपलेल्या चांगल्या भूजलाचा टीडीएसही भरपूर असू शकतो. त्यापेक्षा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं अमोनियाचं किट घ्या. ताज्या झऱ्यात अमोनिया जवळपास नसतो, मैल्यात हमखास असतो.

विरघळलेला प्राणवायू मोजणार असाल तर सूर्य उगवण्याआधी. हिरव्या शेवाळलेल्या पाण्यात दुपारी तो भरपूर दिसतो, कारण शेवाळ उन्हात तो तयार करतं. रात्री तेच शेवाळ तो खातं आणि मासे पहाटे मरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत वन्यजीव आणि मासे यांच्यासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू आणि साडेसहा ते साडेआठ सामू (पीएच) सांगितला आहे. बाटली पाण्याखालीच भरा, खालीच बंद करा. आत बुडबुडा राहिला तर नमुना फुकट.

किट नसेल तर गाळ चाळा. पिठाच्या चाळणीत गाळ धुतल्यावर नुसत्या लालभडक अळ्या वळवळताना दिसल्या तर तळाशी प्राणवायू जेमतेम आहे. पक्ष्यांवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. लाल पायांच्या शेकाट्यांचे थवे बघून लोक खूश होतात, पण शेकाट्या सांडपाण्याच्या उथळ चिखलातही मजेत चरतो.

अर्ज कसा लिहावा

एका पाइपला एक अर्ज. ठिकाण, तारीख, वेळ, प्रवाह, अमोनिया, दोन फोटो. बाकी संताप घरी ठेवा. प्रती दोन ठिकाणी द्यायच्या: महापालिकेचा मलनिस्सारण विभाग आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. तुम्ही घेतलेला नमुना कोर्टात पुरावा होत नाही, तो मंडळाने कायद्यातल्या रीतीनेच घ्यावा लागतो. म्हणून पाइप कोणत्या वेळी भरून वाहतो हे अर्जात ठळक लिहा. नाहीतर पाहणी भर दुपारी होते आणि ‘विसर्ग आढळला नाही’ असा शेरा येतो.

२०१७ च्या पाणथळ नियमांचा हवाला ओढ्यासाठी देऊ नका. त्या व्याख्येतून नदीपात्रं आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. १९७४ चा जल प्रदूषण कायदा इथे जास्त कामाचा. त्यातल्या ‘प्रवाह’ या शब्दात तूर्त कोरडा असलेला ओढाही येतो. राडारोडा टाकून ओढा बुजवणाऱ्याला ‘इथे पाणी कुठंय?’ म्हणायची सोय राहत नाही. पूररेषेचा आणि मलवाहिन्यांचा नकाशा माहिती अधिकारात मागा: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, पण तिथे वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून साधारण सहा महिन्यांत जावं लागतं. म्हणून पहिल्या फोटोची तारीख जपून ठेवा.

काठावरचं काम

इथे कमी करणारा जास्त मिळवतो. पावसाळ्याआधीच्या नालेसफाईत यंत्र पात्र सपाट खरवडतं, त्यात उन्हाळ्यात मासे तगवणारे डोह जातात. काम सुरू होण्याआधी मुकादमाला भेटून तीन गोष्टी मागा: कातळ फोडू नये, एका काठाची झाडी तशीच ठेवावी आणि गाळ काठावर न टाकता उचलून न्यावा. काठावरचा गाळ पहिल्या वळवात परत पात्रात येतो.

पाणकणीस, म्हणजे पाण्यात उभं वाढणारं कणसांचं उंच गवत, तण नाही. फारच दाटलं तर नोव्हेंबर ते जानेवारीत एक तृतीयांश कापा. पावसाळ्यात त्यात पाणकोंबड्यांची घरटी असतात. जलपर्णी मात्र काढावीच, फुलं येण्याआधी. काढलेला ढीग काठाजवळ एक रात्र निथळू द्या, मुळांत अडकलेले जीव पाण्यात परततात. दुसऱ्या दिवशी तो उचला. मैलापाण्यावर पोसलेल्या जलपर्णीचं खत भाजीला घालू नये, ती पाण्यातले जड धातू शोषून घेते. आणि मैला थांबला नसेल तर ती पुन्हा येणारच, हे धरून चाला.

लावायचंच असेल तर पाण्यालगत वाळुंज. अंगठ्याएवढ्या जाडीच्या, दोन फूट लांबीच्या फांद्या पहिल्या पावसात निम्म्या मातीत खोचल्या की फुटतात. वरच्या उतारावर करंज, जांभूळ, उंबर. पात्राच्या मध्ये काहीही लावू नका. पुरात तिथे कचरा अडकतो आणि पाणी शेजारच्या वस्तीत वळतं.

पावसाळ्यात

जूननंतर पात्रात उतरणं बंद. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेल्या पुराने, कात्रजकडे कोसळलेलं पाणी किती थोड्या वेळात खाली पोचतं ते दाखवलं. त्या दिवसांतलं काम पुलावरून करायचं: खांबावर ऑइलपेंटने अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या खुणा करून घ्या (रीतसर परवानगी काढून) आणि पाऊस थांबला की कुठवर पाणी आलं ते लिहा. रात्री पूर येऊन गेला असेल तर सकाळी झाडांच्या फांद्यांना अडकलेल्या पिशव्या आणि गवत बघा. सर्वांत वरच्या पिशवीपासून पात्रापर्यंतची उंची मोजपट्टीने मोजा, फोटो काढा, आणि मगच ती पिशवी काढा.