धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) सेन्सर लावताना तोंड कुठं करायचं

मामाची काटोलकडं संत्र्याची बाग आहे, रात्री रोही (नीलगाय) अन् रानडुकरं घुसतात म्हणून मागच्या वर्षी मी नागपूरच्या बर्डीतून पीआयआर सेन्सर (अंगाच्या गरमीवरून हालचाल ओळखणारे) घेतले आणि जिथं खांब दिसला तिथं ठोकून दिले. सकाळी पाहतो तर डुकरानं बरोब्बर दोन सेन्सरच्या मधून वाट काढलेली. मामा म्हणे, "काऊन बे, यापेक्षा आपला मोत्या काय वाईट होता?"

चूक साधी होती, सेन्सरला आपण बल्ब समजतो, चारी बाजूला उजेड पाडणारा. पीआयआर, कॅमेरा, अल्ट्रासॉनिक हे सगळे टॉर्चसारखे आहेत, एका कोनातच बघतात. एचसी-एसआर५०१ या पीआयआर सेन्सरचं पहा, कागदावर ७ मीटर आणि साधारण १२० अंश. म्हणजे पूर्ण गोलाचा तिसरा हिस्सा, जेमतेम ५१ चौरस मीटर. एकर ४०४७ चौरस मीटरचा. अगदी कोडं जुळवल्यासारखे बसवले तरी ७९ लागतात, आणि माझ्यासारखे कुठंही, कसेही तोंड करून लावले तर ९० टक्के जागा झाकायला साधारण १८० आणि ९९ टक्क्यांना ३६० च्या वर. शेवटचे नऊ टक्के पहिल्या नव्वदाइतकेच महाग पडतात!

म्हणून पूर्ण बाग झाकायच्या नादी लागू नका. जनावर धुऱ्यावरूनच येते ना, मग फक्त धुरा झाका. चौकोनी एकराची एक बाजू ६४ मीटर धरा. ७ मीटरवर भरवसा ठेवू नका, ५ च धरा, १३ सेन्सरमध्ये एक बाजू होते.

आता तोंड. बहुतेक लोक शेताबाहेर तोंड करतात, मीही तेच केलं होतं, पण पीआयआरला समोरून सरळ चालत येणारं जनावर कमी कळतं आणि आडवं जाणारं लवकर कळतं. त्यामुळं सेन्सर धुऱ्याच्या रेषेतच बघू द्या, एकाच्या पाठीमागं दुसरा, म्हणजे आत येणारं डुक्कर आपोआप आडवं कापतं आणि प्रत्येकाची आंधळी पाठ मागचा सांभाळतो. पहिल्याच्या पाठीमागं कोणीच नसतं, तिथं एक जास्तीचा उलट्या तोंडानं लावा.

आतमध्ये मोटर, पाइप असं काही राखायचं असेल तर ग्राफ पेपर घ्या, झाडं काढा (संत्रा बहुतेक ६ बाय ६ मीटरवर असतो आणि घेर आडवा येतो, पानामागचं सेन्सरला दिसत नाही), राखायच्या जागांवर ठिपके द्या. मग ज्या सेन्सरच्या ज्या तोंडात सगळ्यात जास्त ठिपके येतात तो पक्का करा, ते ठिपके खोडा, उरलेल्यांवर पुन्हा तेच. एकदम बेस्ट उत्तर शोधणं कॉम्प्युटरलाही जड जातं, २००६ मध्ये आय आणि अबूझैद या संशोधकांनी हा प्रश्न एनपी-कम्प्लीट (म्हणजे झटपट बेस्ट उत्तर देणारी पद्धत कोणालाच माहीत नाही असा) असल्याचं दाखवलं, पण ही हावरट पद्धत तितक्याच सेन्सरच्या बेस्ट उत्तराच्या निम्म्याखाली कधी जात नाही. मामाच्या एकरासाठी तेवढं पुष्कळ झालं.

नागपूरच्या उन्हाचं वेगळंच. पीआयआर अंगाची आणि आजूबाजूची गरमी यातला फरक बघतो, मे महिन्यात दुपारी ४५ ला फरक कशाचा राहते? त्यात गरम हवेनं फांद्या हलल्या की उगाच अलार्म. टेस्ट संध्याकाळनंतरच करा.

टेस्ट अशी: सेन्सर गुडघ्याच्या थोडा वर बांधा, आउटपुटला एलईडी जोडा, चालू केल्यावर एक मिनिट थांबा कारण तोवर तो काहीही सांगतो. मग एकानं वाकून, डुकराएवढं होऊन, दर दोन पावलांवर धुरा ओलांडायचा, दुसऱ्यानं एलईडी बघायचा. जिथं लागला नाही तिथं चुन्याची फक्की टाका. आमच्या इथं फक्कीचे तीन पट्टे पडले, तिन्ही एका जुन्या झाडाच्या बुंध्यामागं, खांब हातभर सरकवला आणि दोन मिटले. तिसऱ्यापाशी मामानं मोत्याला बांधलं.