सुबारूची २०२५ आणि २०२६ सालची मॉडेल्स: सेडान, वॅगन आणि एसयूव्ही यांतून गाडी कशी निवडावी

अमेरिकेत नवी गाडी घेणारा ग्राहक मॉडेल-वर्षाच्या आकड्यावर फार विसंबतो; परंतु तिथल्या नियमांनुसार मॉडेल-वर्ष आणि दिनदर्शिकेचे वर्ष एकच असावे लागत नाही. २०२५चे मॉडेल २ जानेवारी २०२४ पासून केव्हाही बाजारात येऊ शकते, आणि त्यातील बदल कधी नव्या रंगापुरता असतो, तर कधी संपूर्ण गाडीच नव्याने घडवलेली असते. म्हणून सुबारू या जपानी कंपनीच्या ताफ्यातून निवड करताना पहिला प्रश्न वर्षाचा नव्हे, तर पिढीचा विचारावा: या गाडीचा सांगाडा आणि आतली रचना कोणत्या पिढीची आहे?

हा प्रश्न का महत्त्वाचा, हे २०२५च्या फॉरेस्टर या एसयूव्हीवरून लख्ख दिसते. त्या वर्षी फॉरेस्टरची सहावी पिढी आली, पण त्याच वर्षीची फॉरेस्टर वाइल्डरनेस ही खडतर रस्त्यांसाठीची आवृत्ती मात्र आधीच्याच पिढीवर बेतलेली राहिली. दोन्ही गाड्यांचे नाव एक आणि मॉडेल-वर्षही एक, तरीही नव्या पिढीच्या इंजिनाची ताकद १८० अश्वशक्ती आणि वाइल्डरनेसची १८२; दरवाजे, डॅशबोर्ड, पुढचा चेहरा, सारेच वेगळे. वाइल्डरनेस नव्या पिढीत आली ती २०२६मध्ये. जुन्या पिढीची गाडी वाईट असते असे मुळीच नाही, आणि अनेक वर्षे रस्त्यावर पारखलेली रचना हवी असणाऱ्याने ती निःशंकपणे घ्यावी. पण आपण काय घेत आहोत हे ठाऊक असलेच पाहिजे.

आता शरीरप्रकाराकडे वळू. लेगसी ही सेडान आणि आउटबॅक ही वॅगन (छप्पर मागेपर्यंत लांबवून सामानाची जागा वाढवलेली गाडी) यांना वेगवेगळ्या जातीच्या गाड्या समजण्याचे कारण नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यास लेगसीच्याच स्टेशन वॅगनला उंची देऊन आउटबॅक घडवली गेली, आणि २०२५पर्यंत हे नाते टिकून होते: दोघींत १८२ अश्वशक्तीचे तेच २.५ लिटरचे बॉक्सर (म्हणजे समोरासमोर आडव्या सिलिंडरांचे) इंजिन, महागड्या आवृत्त्यांत २६० अश्वशक्तीचे तेच २.४ लिटरचे टर्बो इंजिन, तोच सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी वेगाचे प्रमाण सलग बदलणारा) गिअरबॉक्स आणि तीच चारही चाकांना ताकद देणारी प्रणाली. फरक आहे तो जमिनीपासूनच्या उंचीत आणि सामानाच्या जागेत. लेगसीचा ग्राउंड क्लिअरन्स ५.९ इंच आहे, तर आउटबॅकचा ८.७ इंच, लेगसीच्या डिकीत सुमारे १५ घनफूट जागा मिळते, आणि आउटबॅकच्या मागच्या सीटमागे तिच्या दुपटीहून अधिक, म्हणजे सुमारे ३२.६ घनफूट.

हे आकडे कागदावर कोरडे वाटतात, म्हणून ते आपल्या घरच्या गरजेवर घासून पाहावेत. भारतातून आई-बाबा येणार असतील, तर प्रत्येकी २३ किलोच्या दोन, अशा चार मोठ्या बॅगा विमानतळावरून आणायच्या असतात. लेगसीच्या डिकीचे तोंड रुंद असले तरी उंची बेताची असल्यामुळे त्या चारही बॅगा तीत बसतील असे गृहीत धरू नये. शिवाय गुडघे दुखणाऱ्या माणसाला सेडानमध्ये खाली वाकून बसावे लागते आणि उतरताना स्वतःला वर ओढावे लागते. फॉरेस्टरची सीट अशा उंचीवर आहे की माणूस सरळ मागे टेकून बसतो आणि पाय टेकवून उठतो. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांचे मुक्काम सहा-सहा महिने असतात, त्यांनी माझ्या मते फॉरेस्टर आधी पाहावी आणि मग बाकीच्या. टेस्ट ड्राइव्हला जाताना त्या माणसालाच सोबत न्यावे, आणि गाडी चालवण्याआधी चार वेळा चढ-उतर करून पाहावी.

उलटपक्षी, रोज एकट्याने महामार्गावरून लांबचा प्रवास करणाऱ्यासाठी सेडानची बाजू आजही भक्कम आहे. ती जमिनीलगत असल्यामुळे वळणावर कमी झुकते, वाऱ्याला कमी अडते, आणि त्याच २.५ लिटर इंजिनावर लेगसीचे एकत्रित मायलेज गॅलनला ३० मैल, तर आउटबॅकचे २८ मैल सांगितले आहे. मात्र २०२५ हे लेगसीचे शेवटचे मॉडेल-वर्ष ठरले. इम्प्रेझा या लहान गाडीची सेडान त्याआधीच बंद झाली होती, त्यामुळे यापुढे नवी सुबारू सेडान म्हणजे २७१ अश्वशक्तीची, तरुण चालकांना भावणारी डब्ल्यूआरएक्स एवढीच. बंद झालेली गाडी घेऊ नये असे अनेकजण बजावतात. लेगसीच्या बाबतीत मला ते पटत नाही, कारण तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स लाखोंनी विकल्या गेलेल्या आउटबॅकमध्येही आहेत. पुढे विकताना भाव थोडा कमी येऊ शकतो, म्हणून ती सवलतीत मिळत असेल तरच घ्यावी आणि दीर्घकाळ वापरण्याच्या इराद्याने घ्यावी.

आउटबॅकच्या बाबतीत २०२५ की २०२६ हा प्रश्न खरोखर मोठा आहे. २०२६ची आउटबॅक सातव्या पिढीची असून तिने वॅगनचे उतरते छप्पर सोडून एसयूव्हीसारखा उभा, चौकोनी आकार घेतला आहे. डिकी सुमारे ३४.६ घनफुटांवर गेली आहे, आणि आधीच्या गाडीत बऱ्याच अंशी पडद्यावरून चालवावी लागणारी एसीची नियंत्रणे आता पुन्हा हाताने चालवायच्या कळांवर आली आहेत. बर्फाळ सकाळी हातमोजे घालून गाडी चालवणाऱ्याला ही गोष्ट रोज जाणवेल. तरीही ज्याला कमी उंचीचे छप्पर हवे, म्हणजे ज्याला वर सायकल किंवा पेटी बांधायची असते, त्याने २०२५ची शिल्लक गाडी शोधणे अधिक श्रेयस्कर.

क्रॉसट्रेक ही लहान कुटुंबाची गाडी. तिच्या २०२५च्या स्वस्त आवृत्त्यांत १५२ अश्वशक्तीचे २ लिटरचे इंजिन आहे, जे भरल्या गाडीने घाट चढताना धापा टाकते, २०२६पासून २.५ लिटरचे इंजिन सर्वच आवृत्त्यांत आले, म्हणून इथे नवे वर्ष घ्यावे. सीटच्या तीन रांगांची गरज असेल तर असेंट, आणि घरी चार्जिंगची सोय असेल तर टोयोटाच्या सहकार्याने बनलेली विजेवरची सोल्टेरा. गाडीमागे काही ओढायचे असल्यास आधी क्षमता पाहावी: असेंट ५,००० पौंडांपर्यंत, टर्बो आउटबॅक ३,५००, साधी आउटबॅक २,७००, आणि नव्या पिढीची साधी फॉरेस्टर केवळ १,५०० पौंड ओढते.

डीलरकडे गेल्यावर विक्रेत्याशी बोलण्याआधी खिडकीवरचा किमतीचा कागद वाचावा. १९५८च्या कायद्याने तो प्रत्येक नव्या गाडीवर बंधनकारक आहे आणि गाडी ग्राहकाच्या ताब्यात जाण्याआधी तो काढता येत नाही. कंपनीची सुचवलेली किंमत, वाहतूक खर्च, बसवलेल्या प्रत्येक जोडसामानाची किंमत आणि अंतिम जुळणीचे ठिकाण त्यावर छापलेले असते; शेजारी डीलरने आपला वेगळा कागद चिकटवला असेल, तर त्यावरची रक्कम त्याची स्वतःची भर असते आणि ती नाकारता येते. मग काचेच्या खालच्या कोपऱ्यातला सतरा अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, पाहावा. त्याचे दहावे अक्षर ‘आर’ असेल तर गाडी २०२४ची, ‘एस’ असेल तर २०२५ची, ‘टी’ असेल तर २०२६ची. आणि पहिले अक्षर ‘जे’ असेल तर ती जपानमध्ये, ४ असेल तर इंडियानातील लाफायेत इथे बनलेली.

सौदा पक्का करण्याआधी दोन खर्चांची चौकशी जरूर करावी, कारण ते किमतीच्या कागदावर नसतात. चारही चाके सतत जोडलेली असल्यामुळे टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखेच झिजलेले लागतात. एक टायर फाटला तर पुष्कळदा चारही बदलावे लागतात, म्हणून टायरची हमी किंवा विमा काय सांगतो ते विचारावे. तसेच आयसाइट या सुरक्षा-प्रणालीचे कॅमेरे पुढच्या काचेच्या वरच्या कडेला बसवलेले असतात, त्यामुळे काच बदलल्यावर ते पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. विमा कंपनी त्या जुळवणीचे पैसे देते का आणि आपल्या खिशातून किती जातील, हे लेखी विचारून घ्यावे.