लॅमिनायटिसनं पाय धरलेल्या घोड्याचे खूर: कानस कुठं चालवायची, कुठं नाही

घोडा पुढचे दोन्ही पाय लांब टाकून सगळं वजन मागं घेऊन उभा असेल, वळवला की निखाऱ्यावर पाय पडल्यासारखा उचलत असेल, खूर हाताला गरम लागत असतील आणि खुराच्या वर मागच्या बाजूला बोटं ठेवली की नाडी ठकठक जोरात लागत असेल, तर त्याला चालवून मोकळा करायला जाऊ नका, आधी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावा. हा लॅमिनायटिस आहे, म्हणजे खुराच्या आतली सूज. आमच्या घोडीनं रात्री दाण्याचं पोतं फोडून खाल्लं होतं, दुसऱ्या दिवशी अंग आखडलंय वाटून मी तिला अर्धा तास फिरवली, ते अजून मनातून जात नाही.

आत काय होतं ते आधी समजून घ्या, मग हात आपोआप जपून चालतो. खुराच्या आतलं हाड बाहेरच्या भिंतीला शेकडो बारीक पापुद्र्यांनी धरलेलं असतं, दोन वह्यांची पानं एकमेकांत अडकवावी तसं. हे पापुद्रे सुजून सुटले की वरून घोड्याचं वजन, मागून शीर (रक्ताची नाही, हाडाला जोडलेली दोरीसारखी जाड शीर, टेंडन) ओढतेय आणि पुढची वाढलेली भिंत प्रत्येक पावलाला पहारीसारखी उचकटतेय, असं तिन्हीकडून होऊन हाडाचं टोक तळव्याकडं वळतं. सुटलेलं परत चिकटत नाही. वरून, केसांच्या कडेपासून जी नवीन भिंत येते तीच हाडाला घट्ट धरून खाली येते, आणि आपण तासतो ते फक्त तिला कुणी उचकटू नये म्हणून. पुढची भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिमी वाढते, म्हणजे ९ महिने ते वर्ष धरून चाला.

दाणा, गूळ, हरभरा, भरडा, प्रेमानं दिलेली पोळीसुद्धा बंद, कोवळं हिरवं गवत बंद. वाळलं गवत तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, तीन-चार वेळेला विभागून द्या. ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला ५ ते ६ किलो कोरडं वजन पुरतं. पण उपाशी ठेवू नका, विशेषतः तट्टांना, रक्तात चरबी वाढून जिवावर बेततं. खाणं सुधारलं नाही तर कितीही छान तासा, काही उपयोग नाही.

आता तासणं. दुखण्याचा पहिला जोर ओसरल्याशिवाय आणि बाजूनं एक्स-रे काढल्याशिवाय कानस हातात घेऊ नका. एक्स-रेच्या वेळी खुराच्या पुढच्या भिंतीवर बारीक तार चिकटवायला सांगा आणि तळव्यातल्या त्रिकोणी रबरासारख्या भागाच्या, म्हणजे फ्रॉगच्या टोकाला टाचणी, त्याशिवाय हाड नेमकं कुठं आहे ते कळत नाही. हाड तळव्यातून बाहेर यायला लागलं असेल तर हे घरचं काम नाही.

खुराच्या वरच्या इंचभर नवीन वाढीवर पट्टी टेकवा आणि तीच रेघ खाली जमिनीपर्यंत धरा. रेघेच्या बाहेर जे पुढं आलंय ती फाकलेली भिंत, ती खालच्या अर्ध्या भागात पुढून कानशीनं उतरवायची, वरचा अर्धा भाग सोडून द्यायचा. टाच उंच वाढली असेल तर एका वेळी ३-४ मिमीच घ्या, कारण एकदम खाली आणली की मागची शीर ताणते आणि हाड अजून ओढलं जातं. नालबंदही इथंच घाई करतात.

आणि तळवा! फ्रॉगच्या टोकापुढं सुरी लावायचीच नाही, कितीही खडबडीत दिसू दे, काळा दिसू दे, सोलून स्वच्छ करायचा मोह होतोच. हाडाच्या टोकाखाली तळवा निदान १५ मिमी तरी जाड हवा, आमच्या घोडीचा निम्माच होता, अंगठ्यानं दाबला की चक्क दबत होता. तासताना कडेच्या पांढऱ्या रेघेत तांबूस ठिपके दिसतील, ते आधी साकळलेलं रक्त, त्याच्या मागं खोदत जाऊ नका.

एक पाय मिनिट-दीड मिनिटापेक्षा जास्त उचलून धरू नका, दुसऱ्यावर सगळा भार येतो, खाली जाड फोम किंवा वाळू टाका आणि पाय खालीच धरा. नाल काढून ठेवले असतील तर जाड फोमचा तुकडा खुराच्या मापानं कापून चिकटपट्टीनं बांधा, पुढचं टोक थोडं मोकळं ठेवून. ३-४ आठवड्यांनी परत थोडं तासा. मध्येच घोडा एक पाय उचलून अचानक तीन पायांवर आला तर बहुतेक आत पू झालेला असतो, घाबरू नका, डॉक्टरला बोलवा.

दर वेळी जमिनीलगत मोबाईल धरून बाजूनं फोटो काढा. आमच्या घोडीच्या खुरावर तिसऱ्या महिन्यात स्पष्ट मोड दिसायला लागली, वरचा भाग उभा, खालचा फाकलेला, सातव्या महिन्यात ती मोड दोन तृतीयांश खाली आलीय, आणि परवा पाण्याच्या हौदापाशी ती स्वतःहून वळली, पाय न आखडता. नाल अजून ठोकलेले नाहीत.