गाडी ओढत नाही: टर्बोची गळकी हवा शोधताना शिकलेलं

आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड करून मी भोसरीतल्या एका गॅरेजला लागलो, तेव्हा टर्बोबद्दलची माझी समज वहीतल्या एका आकृतीएवढी होती. एक्झॉस्टचा गरम वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनकडे ढकलतं, वाटेत इंटरकूलर ती हवा थंड करतो. परीक्षेत याला पूर्ण मार्क मिळतात. गॅरेजात मात्र टर्बोचं कार्य विचारायला कुणी येत नाही. माणूस येतो, चावी टेबलावर टाकतो आणि म्हणतो, "गाडी ओढत नाही."

या एका वाक्यामागे पंधरा कारणं असू शकतात, पण टर्बो गाडीत निम्म्या वेळा तरी हवा वाटेत कुठेतरी गळत असते, असा माझा अनुभव आहे. आणि निम्म्या वेळा गिऱ्हाइकाच्या खिशात कुणीतरी दिलेलं नव्या टर्बोचं कोटेशन असतं.

मीही सुरुवातीला असाच एक पार्ट वाया घालवला. स्कॅनर लावला, पी ०२९९ हा फॉल्ट कोड आला, म्हणजे 'बूस्ट कमी', टर्बोने चढवलेला हवेचा दाब कमी. सोबत एअर फ्लो सेन्सरचाही कोड होता. मी सेन्सर बदलून टाकला. गाडी होती तशीच. गॅरेजच्या उस्तादांनी ओरडा दिला नाही, फक्त जुना सेन्सर माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "अरे, याने खरं सांगितलं म्हणून तू यालाच फाशी दिलीस."

त्यांचं म्हणणं कळायला मला महिना लागला. एअर फ्लो सेन्सर म्हणजे नाक्यावर बसलेला कारकून. आत किती हवा गेली ते तो वहीत लिहितो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या वहीवर भरवसा ठेवतो. टर्बोच्या पुढे, म्हणजे इंजिनकडच्या बाजूला, पाइप फाटला, तर लिहिलेला माल वाटेतच सांडतो. पेट्रोल गाडीत त्यामुळे मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं. डिझेलमध्ये हवा आहे असं समजून डिझेल सोडलं जातं आणि मागून काळा धूर येतो. फाट सेन्सर आणि टर्बोच्या मध्ये असेल तर उलटं घडतं. तिथे टर्बो ओढत असतो, त्यामुळे बाहेरची हवा न लिहिता आत शिरते. वर फिल्टर चुकवून धूळही जाते, आणि ती धूळ कॉम्प्रेसरची पाती खाते. पेट्रोलमध्ये थ्रॉटलच्या, म्हणजे हवेच्या झडपेच्या, पुढचं भोक सगळ्यात फसवं. आयडलला तिथे व्हॅक्यूम असतो म्हणून हवा आत येते, बूस्ट चढला की त्याच भोकातून बाहेर जाते. अशा गाडीची फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनात करत असलेली वाढ-घट, आयडलला अधिक १५-२० टक्के दिसते आणि अडीच हजार आरपीएमला बरीच खाली येते. हे चित्र दिसलं तर इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाचं) गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप आणि इंजिनच्या पोटातली वाफ इनटेककडे नेणारी ब्रीदरची छोटी नळी आधी बघा. काही गाड्यांना एअर फ्लो सेन्सरच नसतो, मॅनिफोल्डच्या दाबावरून हिशोब होतो. तिथे टर्बो आणि थ्रॉटलच्या मधल्या गळतीने मिश्रण फारसं बिघडत नाही, फक्त पिकअप मरतो.

म्हणून हात काळे करायच्या आधी चावी ऑन, इंजिन बंद, आणि स्कॅनरवर मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर, बघा. हा सेन्सर वातावरणाचा दाब धरून आकडा दाखवतो. मुंबईत तो १०० किलोपास्कलच्या आसपास यायला हवा, पुण्यात ९४-९५, महाबळेश्वरला आणखी खाली. इंजिन बंद असताना पुण्यात १०८ दाखवत असेल, तर गळती शोधण्याआधी सेन्सरचाच विचार करा. नवीन मुलं इथे आणखी एक चूक करतात. स्कॅनरवर १९० दिसलं की "एक पॉइंट नऊ बार बूस्ट" म्हणून मोकळे होतात. त्यातले ९५ तर पुण्याच्या हवेचेच असतात.

मग ट्रायल. एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने स्कॅनर धरायचा, एकट्याने दोन्ही करू नका. तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजारापासून पूर्ण ॲक्सिलरेटर, शक्यतो चढावर. ईसीयूने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब, दोन्ही रेकॉर्ड करा. काचा खाली आणि गाणी बंद. फाटलेल्या पाइपचा आवाज टर्बोच्या शिट्टीसारखा नसतो, तो सायकलच्या व्हॉल्व्हमधून हवा सोडल्यासारखा 'फुस्स' असतो आणि दाब चढला की वाढतो. इंजिनच्या बाजूने 'फट्-फट्' येत असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट बघा. टर्बोच्या आधीच गरम वायू निसटला तर चक्र फिरणार कसं? तिथे काजळीचा काळा पट्टा सापडतो.

नंतर डोळ्यांनी तपासणी. पाइपच्या आत थोडं तेल असणं नॉर्मल आहे, ब्रीदरमधून ते येतंच. पण बाहेरून जॉइंट ओला असेल आणि त्यावर धुळीचा चिकट थर बसला असेल, तर तिथून हवा तेल घेऊन बाहेर येतेय. पाइपच्या खालच्या बाजूला हात घाला, डोळ्यांना वरची बाजूच दिसते. इंटरकूलरच्या प्लॅस्टिक टाकीची कडा, क्विक कनेक्टरमधली ओरिंग आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या बघा. उंदरांना या नळ्या का आवडतात देव जाणे, पण गाडी पंधरा दिवस उभी राहिली की एखादी कुरतडलेली सापडतेच. टर्बोच्या ॲक्च्युएटरला, म्हणजे बूस्ट कमी-जास्त करणारी दांडी हलवणाऱ्या डबीला, हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ओढून बघा. दांडी सरळ हलली पाहिजे आणि पंपाचा काटा जागेवर थांबला पाहिजे.

एवढ्याने सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट. तत्त्व पंक्चरवाल्याचंच. तो ट्यूब पाण्यात बुडवतो, आपण गाडी बुडवू शकत नाही म्हणून साबणाचं पाणी फवारतो. हार्डवेअरच्या दुकानातून टर्बोच्या तोंडाच्या मापाची पीव्हीसी एंड कॅप आणा, तिला भोक पाडून टायरचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह बसवा. एअर फ्लो सेन्सरच्या पुढचा पाइप सोडवून टर्बोच्या तोंडाशी ही कॅप क्लिपने आवळा. इंजिन थंड, गाडी न्यूट्रलमध्ये. गॅरेजच्या कॉम्प्रेसरमध्ये १०० पीएसआयच्या वर हवा असते, ती थेट लावायची नाही. मध्ये रेग्युलेटर, आणि ५ पासून सुरू करून १५ च्या वर जायचं नाही. कॅपच्या समोर तोंड घेऊन उभं राहू नका, निसटली तर दात पाडेल.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. ब्रीदरची नळी टर्बोच्या आधी इनटेकला जोडलेली असते, म्हणजे आपण भरलेली हवा तिथून क्रँककेसमध्ये, इंजिनच्या खालच्या ऑइलच्या भागातही जाते. मी पहिल्यांदा उत्साहात २५ पर्यंत नेलं. ऑइलची डिपस्टिक उडून बॉनेटला लागली आणि माझ्या शर्टावर नक्षी उमटली. डिपस्टिकवर निभावलं, ऑइल सील गेलं असतं तर पगारातून गेलं असतं. आता मी ती नळी काढून दोन्ही तोंडं बंद करतो. शिवाय काटा थोडा उतरला म्हणून घाबरू नका. एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे असतात, पिस्टन रिंगजवळूनही हवा जाते. सायलेन्सरमधून जोरात फुस्स आलं तर पुलीला गोटी पाना लावून क्रँक थोडा फिरवा आणि पुन्हा भरा. पाइपात धूर भरून गळती दाखवणारं स्मोक मशीनही चांगलं, पण त्यात दाब सहसा अगदी कमी असतो. दाब चढल्यावरच उघडणारी फाट त्याला सापडेलच असं नाही. कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का बघायची जुनी पद्धत गरम मॅनिफोल्डजवळ करू नका, आग लागते.

आता ती गाडी, जिने मला हे काम खरं शिकवलं. डिझेल सेडान, १ लाख १० हजार किलोमीटर. मालक काका दर आठवड्याला साताऱ्याला जायचे आणि खंबाटकी घाट चढताना गाडी मरायची. सपाट रस्त्यावर तक्रार नाही. दुसरीकडून टर्बो बदलायचा सल्ला आणि मोठा आकडा घेऊन आले होते. ट्रायलला मागणी २१० किलोपास्कलची आणि मिळत होते १६०. म्हणजे हवा जात होती. पण प्रेशर टेस्टला बुडबुडा नाही. मी तीनदा साबण फवारला. काटा १५ वर तसाच. ॲक्च्युएटर ठीक, टर्बोच्या दांड्याला खेळ नाही. मीही मनातून टर्बोवरच यायला लागलो होतो.

उस्ताद चहा संपवून आले. मला गाडीत बसवलं, हँडब्रेक आणि ब्रेक दोन्ही दाबायला लावले, आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगितला. ते बॉनेट उघडून बाजूला उभे राहिले. गाडीच्या समोर कधीच उभं राहायचं नाही. "आता रिव्हर्समध्ये." मी उतरलो, ते बसले, आणि मी पाहिलं. क्लच पकडला की अख्खं इंजिन मागे कलत होतं, चांगलं तीन-चार बोटं. माउंटिंगचं रबर फाटलं होतं. इंजिन कललं की इंटरकूलरकडून येणारा रबरी पाइप ताणला जायचा.

मग आम्ही पुन्हा हवा भरली, आणि यावेळी लाकडाचा तुकडा टेकू देऊन पहारीने इंजिन मागे रेटलं. पाइपच्या घड्यांच्या खालच्या बाजूला नखाएवढी चीर उघडली आणि साबणाचा फेस तिथे द्राक्षांच्या घडासारखा लोंबला. पहार सैल केली, चीर मिटली, फेस थांबला. मी तीनदा फवारलेली जागा तीच होती. गाडी उभी असताना तिथे गळती नव्हतीच, ती घाटात होती.

नुसता पाइप बदलला असता तर सहा महिन्यांत नवाही फाटला असता. माउंटिंग आणि पाइप दोन्ही बदलले. पाइप बसवताना धातूच्या नळीवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा, नाहीतर क्लिप कितीही आवळली तरी जॉइंट घसरतो. क्लिप नळीच्या फुगीर कडेच्या मागे बसली पाहिजे, कडेवर नाही, आणि रबर चिरेपर्यंत आवळायची नाही. कूलंटचा पाइप मापात बसतोय म्हणून इथे लावू नका, तो तेलाने फुगून मऊ पडतो. मग कोड पुसायचे आणि त्याच चढावर तीच ट्रायल पुन्हा घ्यायची. २१० ला २०६ मिळाले तेव्हा मी स्क्रीनचा फोटो काढून ठेवला. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे प्रत्येक गाडीचे वहीत लिहितो. दोन वर्षांत ती वही स्कॅनरपेक्षा जास्त कामाला आली.

धंद्याचंही एक. तपासणीचे पैसे बिलात वेगळ्या ओळीत लावा आणि गाडी घेतानाच सांगा. मी त्या दिवशी सांगितलं नव्हतं. टर्बोचे पैसे वाचले म्हणून खूश असलेल्या काकांनी बिलातल्या 'लीक टेस्ट'वर बोट ठेवलं. "हे काय, हवेचे पैसे?"

"काका, पंक्चरवालाही घेतोच की," उस्ताद म्हणाले.

काकांनी शंभर रुपये कापून बाकीचे दिले.