रुळांखालचा पोलादी पाइप: डिझाइनचे निकष ठरवताना या चुका टाळा

मडगाव–कुळे मार्गावरून भरलेली मालगाडी जाताना रुळांपासून चार पावलांवर उभं राहून बघा, पायाखालची जमीन थरथरते. त्याच जमिनीत दोनेक मीटरवर आपला पाइप असतो, आणि आपण मात्र त्याची जाडी फक्त आतल्या दाबावरून ठरवून मोकळे होतो. गोव्यातल्या पाइपलाइनची डिझाइनं तपासताना ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते.

उदाहरण घेऊ. 323.9 मिमी व्यास, 6.4 मिमी जाडी, एक्स-52 ग्रेड (म्हणजे पोलादाच्या ताकदीचा वर्ग; आकडा मोठा तेवढी ताकद जास्त), 49 बार दाब. परिघावरचा ताण येतो 124 मेगापास्कल आणि पोलादाची ताकद 360. जवळजवळ तिप्पट! गणित इथेच थांबतं. पण प्रत्येक डब्यागणिक पाइप दबतो आणि सुटतो, वर्षानुवर्षं. एपीआय 1102 (रूळ आणि रस्त्यांखालून जाणाऱ्या पोलादी पाइपलाइनसाठीचं अमेरिकन मानक) मधली पद्धत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधनावर उभी आहे, आणि ती हा पुन्हा पुन्हा येणारा ताण वेगळा तपासायला लावते. दोन पाइप जोडणाऱ्या गोल वेल्डसाठी मर्यादा आहे 83 मेगापास्कल, मग पोलादाची ग्रेड कोणतीही असो. 0.72 चा डिझाइन फॅक्टर (सुरक्षेसाठी मर्यादा कमी करणारा गुणांक) लावला की हातात उरतात 60, 0.5 लावला तर 41.

म्हणून "एक्स-70 घेऊ, जाडी कमी करू" हा सल्ला इथे अंगाशी येतो. भिंत पातळ झाली की गाडीमुळे येणारा ताण वाढतो, वेल्डची सहनशक्ती मात्र तेवढीच राहते. पाइपच्या लांबीभर जाणाऱ्या शिवणीचंही बघा: एक्स-52 मध्ये ईआरडब्ल्यू (विजेच्या रोधाने जोडलेल्या) शिवणीला 145 मेगापास्कल मिळतात, सॉ (सबमर्ज्ड आर्क) वेल्डला 83 च. यात एक फुकटचा फायदा आहे आणि तो कोणी घेत नाही. पाइप साधारण 12 मीटरचा येतो. त्याचा मध्य रुळांच्या मध्याखाली ठेवला तर गोल वेल्ड दोन्हीकडे 6 मीटरवर जातात. वेल्ड 3 मीटरच्या पलीकडे गेला की त्याच्यावरचा ताण कमी धरता येतो. ड्रॉइंगवर वेल्डची जागा दाखवा, एवढंच.

भाराची खिचडी करू नका. ई-80 या अमेरिकन रेल्वेभाराच्या मानकात एका आसावर सुमारे 36 टन धरतात. चार आसांचा भार 6.1 बाय 2.4 मीटरवर पसरवला की 96 किलोपास्कल येतात, वर 1.75 चा आघात गुणांक (धावत्या गाडीच्या हादऱ्यासाठी वाढवलेला भार). भारतीय रेल्वेचं 25 टन लोडिंग वेगळं आहे. भार एकातून आणि आघात गुणांक दुसऱ्यातून उचललेली गणितं मी पाहिली आहेत. कोणतं लोडिंग लागू आहे ते रेल्वेकडून लेखी घ्या. तेव्हाच दुसऱ्या रुळाचंही विचारा. वास्को–कुळे दुपदरीकरणावरून गोव्यात एवढा वाद झाला, तरी एकेरी रूळ धरूनच गणित केलेली फाइल अजून येते. दुहेरी रुळाचा गुणांक वेगळा असतो.

मातीचा अहवाल कोणत्या महिन्यातला आहे, ते मी पहिल्यांदा बघतो. एप्रिलमधला जांभा कडक, कोरडा. बोअरलॉगमध्ये (जमिनीत भोक घेऊन केलेल्या नोंदीत) पाणी "आढळले नाही". जुलैत त्याच जागी खड्डा घ्या, संध्याकाळपर्यंत लाल पाण्याने भरतो. 2024 च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वे ठप्प झाली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मातीचं वजन आणि तिचा आधार भिजलेल्या अवस्थेतलेच धरा. शंका असेल तर आधाराचा आकडा कमी घ्या.

खोली नेमकी कुठून मोजली? एपीआय 1102 प्रमाणे केसिंग (पाइपभोवतीचा मोठा बाहेरचा पाइप) नसेल तर रुळाच्या तळापासून पाइपच्या माथ्यापर्यंत किमान 1.8 मीटर, आणि बाजूच्या गटाराच्या तळाखाली 0.9 मीटर. एका ड्रॉइंगवर ती भरावाआधीच्या जमिनीपासून मोजली होती. गटार तर दर पावसाळ्याआधी उपसताना थोडं खोल जातंच. रेल्वेची अट याहून जास्त असेल तर अर्थात तीच चालेल.

आता केसिंग. रेल्वेने मागितलं तर घालायचंच, पण घातलं म्हणून निश्चिंत होऊ नका. आतला पाइप केसिंगला टेकला की कॅथोडिक प्रोटेक्शनचा, म्हणजे गंज रोखण्यासाठी पाइपला दिलेला, करंट केसिंगमध्ये जातो. त्यात खाजनाकडचं (भरती-ओहोटीच्या सखल जमिनीकडचं) खारं पाणी सील फोडून आत आलं तर गंज सुरू होतो आणि वरून काहीच दिसत नाही. टेस्ट लीडजवळ (पाइप आणि केसिंगला जोडून वर आणलेल्या वायरींजवळ) जमिनीवर हाफ सेल (व्होल्टेज मोजायचा संदर्भ इलेक्ट्रोड) ठेवून पाइप आणि केसिंग, दोन्हींचं रीडिंग घ्या. पाइप उणे 1100 मिलीव्होल्ट आणि केसिंग उणे 600, तर ठीक. फरक 100 च्या आत आला तर दोघं टेकले असल्याचा संशय घ्या. आधी लीडची वायर तपासा, मग केसिंगची दोन्ही टोकं उघडा. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो: खड्ड्यात भराव नीट ठोकलेला नसतो, पाइप खचतो आणि केसिंगच्या कडेवर बसतो. पाइप उचलून खाली पक्का आधार द्या, सील बदला, तेव्हाच रीडिंग घ्या, आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा.