जर्मनीत इंटरनेटचं बिल आपण भरत नाही, ते घेऊन जातात

गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत दर वर्षी कोणीतरी नवीन भेटतं आणि दहा मिनिटांत विचारतं, "ताई, इंटरनेटचं बिल भरायला इथे ॲप कुठलं?" आधी मी सविस्तर सांगत बसायचे. आता म्हणते, बाबा रे, हा प्रश्नच सोडून दे. भारतात बिल येतं, आपण क्यूआर कोड स्कॅन करतो, पिन टाकतो, विषय संपला. पैसे हलवणारे आपण. जर्मनीत उलटं आहे. कंपनी ठरलेल्या तारखेला तुमच्या खात्यातून पैसे काढून नेते आणि बिल तुमच्या ऑनलाइन खात्यात टाकून ठेवते. तुम्ही ते उघडलं काय, न उघडलं काय.

ह्याला लास्टश्रिफ्ट म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं की आपल्या पोटात गोळा येतो. माझ्याही आला होता. मी २०११ साली श्टुटगार्टला आले तेव्हा सगळीकडे आयबॅन, म्हणजे देश, बँक आणि खातं सगळं सांगणारा एकच लांब क्रमांक, द्यायची पद्धत अजून आली नव्हती, खातेक्रमांक आणि बँकेचा आकडा वेगवेगळा लिहायचो. तो फॉर्म मी दोन दिवस सही न करता टेबलावर ठेवला होता. परक्या कंपनीला आपल्या खात्याची किल्ली कशी द्यायची? पण ही पद्धत दिसते तितकी भोळी नाही. तुम्ही परवानगी दिलेली असली, तरी पैसे गेल्यापासून ८ आठवड्यांच्या आत कारण न देता ते बँकेकडून परत मागवता येतात. परवानगीच दिली नसेल तर ही मुदत १३ महिन्यांची आहे. नेटबँकिंगमध्ये त्या नोंदीवर जाऊन बटण दाबलं की काम होतं. भारतात चुकून गेलेल्या पैशांसाठी कस्टमर केअरचं संगीत ऐकत बसलेल्यांना ह्याची किंमत कळेल.

तर घरच्या इंटरनेटसाठी लास्टश्रिफ्टच द्या. आयबॅन नीट लिहा. जर्मन आयबॅन डीईने सुरू होतो आणि एकूण २२ अक्षरं-अंकांचा असतो. तुमचं खातं लिथुआनियाच्या किंवा बेल्जियमच्या आयबॅनचं असेल आणि कंपनीचा फॉर्म फक्त डीई मागत असेल, तर चूक तुमची नाही. सेपा, म्हणजे युरोतल्या बँक-व्यवहारांच्या सामायिक युरोपीय क्षेत्रातला आयबॅन फक्त दुसऱ्या देशाचा आहे म्हणून नाकारता येत नाही, तसा युरोपीय नियम आहे. तसं ईमेलवर लिहून कळवा. फोनवर भांडू नका, फोनवरचं बोलणं इथे हवेत विरतं.

खातंच अजून उघडलं नसेल तर घाई करून मित्राचा आयबॅन देऊ नका. पासपोर्ट दाखवून प्रीपेड सिम घ्या, सुपरमार्केटमध्ये रोख देऊन टॉपअप करा, महिना काढा. भारतातल्या कार्डावरून भरण्याचा विचारही नको.

आता दुसरा मार्ग, युबरवाइझुंग, म्हणजे आपण स्वतः पैसे पाठवणं. आपल्या मंडळींना हा मनापासून आवडतो, कारण ताबा आपल्या हातात राहतो. करा, काही बिघडत नाही. असं भरणाऱ्याकडून जादा शुल्क घेणं २०१८ पासून बेकायदा आहे. फक्त दोन गोष्टी पाळा. फेरवेंडुंग्सत्सवेक नावाची जी ओळ असते, 'कशासाठी' ती, तिच्यात ग्राहक क्रमांक आणि बिल क्रमांक बिलावर छापलाय तसाच टाका. "इंटरनेट मे" असं लिहून पाठवलेले पैसे पोचतात खरे, पण कोणाचे ते त्यांना कळत नाही, आणि तुमच्या नावापुढे थकबाकी तशीच राहते. दुसरं, ऑक्टोबर २०२५ पासून पैसे पाठवताना बँक नाव आणि आयबॅन जुळतात का ते तपासून सांगते. जाहिरातीतलं नाव टाकाल तर जुळत नाही म्हणेल. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात जे जीएमबीएच (आपल्याकडच्या 'प्रायव्हेट लिमिटेड'सारखं) वगैरे लावलेलं नाव असतं, ते टाका.

काहीजण हुशारी करून डाउअरआउफट्राग लावतात, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप जाते. घरभाड्याला हे उत्तम. इंटरनेटला नको. इथल्या जाहिरातीत बहुधा पहिले काही महिने स्वस्त दर असतो आणि नंतर तो वाढतो. करारावर हे लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही. तुमची आज्ञा जुनीच रक्कम पाठवत राहते आणि दर महिन्याला थोडी थोडी बाकी साठत जाते. पहिलं बिलही वेगळं असतं, जोडणीचं शुल्क, अर्ध्या महिन्याचं भाडं, राउटर. ते पाहून "फसवलं" असं ग्रुपवर टाकण्याआधी करार उघडा.

पेपाल, रोख वगैरे काही कंपन्या घेतात. मला त्यात रस नाही.

आता जे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कोणीतरी तरीही करतं ते. बँक बदलताना जुनं खातं लगेच बंद करू नका.

२०१३ साली माझ्या पहिल्या बँकेने खात्याला महिन्याचं शुल्क लावलं. मी तावातावाने दुसरीकडे खातं उघडलं, ऑफिसला नवा नंबर दिला, पगार नव्या खात्यात आला, आणि जुनं खातं बंद केलं. भावाच्या लग्नाला पुण्याला जायची गडबड होती. इंटरनेट कंपनीने नेहमीप्रमाणे जुन्या खात्यातून पैसे काढायचा प्रयत्न केला, ते परत फिरले. मग एक पत्र आलं. वर ठळक अक्षरात 'माह्नुंग', म्हणजे थकबाकीचं स्मरणपत्र. माझं जर्मन तेव्हा बेकरीपुरतं. पत्राची भाषा इतकी अदबीची होती की मला वाटलं नवी योजना आहे. सावकाश शब्दकोश घेऊन वाचू म्हणून मी ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलं. दुसरं पत्र आलं, तेही त्याच्यावरच लावलं. मग पाच आठवडे मी पुण्यात.

परत आले तर पत्रपेटीत वसुली कंपनीचं, इन्कासोचं पाकीट. माझी मूळ बाकी ३० युरोच्या आत होती. वसुलीचा खर्च, दंड, व्याज धरून मागणी ९० च्या वर गेली होती. ते भरले, आणि प्रकरण मिटलं असं समजले. पुढच्या वर्षी घर शोधताना एका मालकाने शूफाचा दाखला मागितला. शूफा म्हणजे तुमची उधारी-पत नोंदवणारी संस्था. दाखल्यावर ती नोंद होती. पैसे फेडून वर्ष उलटलं होतं, तरी होती. ते घर मिळालं नाही, नंतरची दोनही मिळाली नाहीत. तीन खोल्या, बाल्कनी, ट्रामपासून चार मिनिटं. अजून त्या रस्त्याने जाताना मी वर बघते.

आता ह्याला सोपा उपाय आहे. २०१६ पासून नवीन बँकेला खातं बदलण्यात मदत करावीच लागते. कोण कोण तुमच्या खात्यातून पैसे नेतं ते शोधून त्यांना कळवायचं काम बँक करते. तो फॉर्म मागा. तरीही जुनं खातं तीन महिने उघडं ठेवा, थोडे पैसे त्यात राहू द्या. शुल्काचे चार युरो वाचवण्यासाठी मी काय घालवलं ते वर वाचलंत.

ह्याच चुकीचा जुळा भाऊ म्हणजे रागाच्या भरात पैसे परत खेचणं. वर मी ८ आठवड्यांची सोय सांगितली ना, ती ऐकून काही तरुण मंडळी नेट संथ चालतं म्हणून अख्खं बिल परत मागवतात. बँक देते. पण बँकेने पैसे दिले म्हणजे देणं संपलं नाही. कंपनीच्या वहीत तुम्ही थकबाकीदार, आणि वर पैसे परत गेल्याचा खर्चही तुमच्याच माथी. तक्रार असेल तर आधी लेखी आक्षेप घ्या, कुठली रक्कम मान्य नाही ते सांगा, आणि मान्य असलेली भरून टाका. लेखी आक्षेपाचं महत्त्व असं की वादातली रक्कम सहसा शूफाकडे कळवता येत नाही. त्यासाठी किमान दोन लेखी स्मरणपत्रं, पहिल्यानंतर ४ आठवडे आणि तुमचा आक्षेप नसणं, हे सगळं लागतं. गप्प बसणाऱ्याची नोंद होते. गप्प बसण्यात आपण पटाईत. ऑफिसात साहेबाशी तावातावाने बोलणारा माणूस जर्मन पत्र आलं की ते खणात टाकतो. नेट एकदम तोडतील ही भीती मात्र बाळगू नका. त्यासाठी किमान १०० युरो थकावे लागतात आणि दोन आठवडे आधी लेखी इशारा द्यावा लागतो.

पत्रावरून आठवलं. पत्रपेटीवर आणि घंटीवर तुमचं नाव चिकटवा, आज. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि जोडणीला आलेला तंत्रज्ञ "कोणी भेटलं नाही" लिहून जातो.

चार पोरं एका घरात राहतात तेव्हा करार कोणाच्या तरी एकाच्या नावावर असतो. ज्याच्या नावावर, त्याच्या खात्यातून पैसे जातात, आणि बाकीचे तिघे "उद्या पाठवतो" म्हणतात. ह्या तिघांना डाउअरआउफट्राग लावायला सांगा, तिथे तो कामाचा. दारावर येऊन टॅब्लेटवर सही मागणाऱ्या विक्रेत्याला नको म्हणा. सही झालीच असेल तर १४ दिवसांत लेखी रद्द करता येते.

करार बहुधा २४ महिन्यांचा असतो. १२ महिन्यांचाही पर्याय त्यांना द्यावाच लागतो, तो मागून घ्या. मूळ मुदत संपल्यावर डिसेंबर २०२१ पासूनच्या नियमाने एका महिन्याच्या सूचनेवर केव्हाही सोडता येतो. दुसऱ्या गावी घर बदललंत आणि तिथे ती सेवा मिळतच नसेल, तर मुदतीआधीही एका महिन्याच्या सूचनेवर सुटका आहे.

कायमचं परत जाणाऱ्यांविषयी थोडं कडवट बोलते. आपली कित्येक माणसं खातं रिकामं करून विमानात बसतात, "आता कोण येतंय इथे मागायला" म्हणत. मागे राहिलेल्या घरसोबत्याच्या पेटीत ती पत्रं येतात, आणि दोन वर्षांनी त्याच माणसाला म्युनिकला नोकरी लागते आणि घर मिळत नाही. शेवटचं बिल करार संपल्यानंतर येतं. ते जाईपर्यंत खातं ठेवा. राउटर भाड्याचा असेल तर तो परत पाठवा, नाहीतर त्याचीही किंमत लावतात, आणि पोस्टाची पावती जपा. माझ्या २०१९ च्या राउटरची पावती अजून फाइलमध्ये आहे. शाई उडालीय, पण नंबर वाचता येतो.