कॅशबॅक ट्रॅकच होत नव्हता, शेवटी कारण सापडलं

लागोपाठ तीन ऑर्डरींचा कॅशबॅक आलाच नाही तेव्हा मी खरंच वैतागलो होतो, कारण दरवेळी कॅशबॅक साइटवरच्या लिंकवरूनच दुकानात गेलो होतो. मग नीट शोधत बसलो. होतं काय, की आपण त्या लिंकवर क्लिक केलं की ब्राउझरमध्ये एक कुकी (खुणेची छोटीशी फाइल) पडते आणि तिच्यावरून दुकानाला कळतं की हे गिऱ्हाईक कुणी पाठवलं, त्याचं कमिशन कॅशबॅक साइटला मिळतं आणि त्यातलाच वाटा आपल्याला. कुकी अडली की सगळंच अडलं.

माझ्याकडे अ‍ॅडब्लॉकर (जाहिराती अडवणारं टूल) चालू होता, तो अशा कुकीही अडवू शकतो, तो एक घोळ. पण मुख्य चोर निघालं कूपन शोधणारं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेलं छोटं टूल! पेमेंटच्या वेळी ते मध्ये घुसून स्वतःची लिंक लावत होतं, आणि बहुतेक ठिकाणी शेवटच्या क्लिकलाच श्रेय जातं, त्यामुळे माझा आधीचा क्लिक गेला वाया.

आता खरेदीसाठी वेगळं ब्राउझर प्रोफाइल ठेवलंय, एक्स्टेंशन एकही नाही, कार्ट आधी रिकामी करतो, मग लिंकवरून जाऊन त्याच टॅबमध्ये पेमेंटपर्यंत सगळं उरकतो. मोबाइलवर लिंक मध्येच दुकानाच्या अ‍ॅपमध्ये उडी मारते का तेही बघा, काही दुकानं अ‍ॅपवरच्या ऑर्डरला कॅशबॅक देत नाहीत. पुढच्याच ऑर्डरला पेंडिंग दिसलं, इतकं बरं वाटलं! रिटर्नची मुदत संपेपर्यंत ते सहसा पेंडिंगच राहतं, तेव्हा घाबरू नका. जुन्या तिन्हींसाठी ऑर्डर नंबर आणि बिल जोडून क्लेम टाकला, दोन मंजूर झाले.